जागेवरून उडणारं विमान : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मोठी प्रवासी विमानं जागेवरूनच सरळ वर का उडत नाहीत? धावपट्टीची एवढी जमीन तरी वाचेल. (सोलापूर)

कारण पंखाइतक्या स्वस्तात भार उचलणारं दुसरं काही नाही. फक्त त्याला वेग लागतो, आणि तो वेग धावपट्टीवर मिळतो. एअरबस ए-३२० पूर्ण भरल्यावर ७८ टनांच्या आसपास असतं. दोन्ही इंजिनांचा मिळून रेटा जेमतेम २४-२५ टन, म्हणजे वजनाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तेच विमान सरळ वर न्यायचं तर रेटा वजनापेक्षा जास्त हवा, म्हणजे इंजिनं तिपटीहून अधिक. मग त्या इंजिनांचं आणि त्यांच्या इंधनाचं वजनही उचलावं लागतं.

हे करून झालेलं आहे. पश्चिम जर्मनीचं डॉर्निअर डीओ-३१ हे मालवाहू विमान १९६७ मध्ये उडालं. त्याला दहा जेट इंजिनं होती. पंखांखालच्या दोन इंजिनांचे झोत खाली किंवा मागे वळवता येत. उरलेली आठ, पंखांच्या टोकांना चार-चार, नुसती उचलण्यासाठी. विमान छान तरंगलं, पण एकदा वेग घेतला की ही आठ इंजिनं बंद करून ओझ्यासारखी वाहून न्यावी लागत. १९७० मध्ये काम थांबलं.

प्रश्न : हेलिकॉप्टर आणि विमान यांचा मेळ घालून प्रवासी सेवेचा प्रयत्न झाला होता का? (नाशिक)

झाला होता, आणि आमच्या मते या क्षेत्रातला तो सगळ्यात विचारपूर्वक केलेला प्रयत्न होता. ब्रिटनच्या फेअरी कंपनीचं रोटोडाइन ६ नोव्हेंबर १९५७ रोजी पहिल्यांदा उडालं. ४० प्रवाशांची सोय, आखूड पंख, त्यावर दोन टर्बोप्रॉप (पुढचा पंखा फिरवणारी) इंजिनं आणि डोक्यावर ९० फूट व्यासाचा रोटर, म्हणजे हेलिकॉप्टरसारखी फिरती पाती. उडताना-उतरताना इंजिनांकडून दाबलेली हवा पात्यांच्या पोकळीतून टोकापर्यंत जाई, तिथे इंधनाबरोबर पेटे आणि रोटर फिरवी. रोटर टोकाकडून ढकलला जात असल्यामुळे विमानाचं धड उलट दिशेला फिरायला बघत नसे, म्हणून शेपटीच्या रोटरची गरज नव्हती. वेग आला की टोकांची आग बंद, आणि रोटर वाऱ्यावर आपोआप फिरत राही. १९५९ मध्ये त्याने आपल्या प्रकारच्या यानांमधला ताशी ३०७ किलोमीटरचा विक्रम केला.

अडलं ते मुख्यतः आवाजावर. शहराच्या मध्यात उतरणं हाच त्याचा सगळा फायदा, आणि नेमकं तिथेच टोकांची ती कर्कश जेटं कोणाला नको होती. वजन वाढत गेलं, मागण्या लांबल्या, आणि १९६२ मध्ये ब्रिटिश सरकारने पैसा थांबवला.

प्रश्न : विजेवरची एअर टॅक्सी मुंबईहून पुण्याला येऊ शकेल का? आकड्यांसह सांगा. (पुणे)

एक नमुना घेऊ. वजन २,४०० किलो, चालक आणि चार प्रवासी, ३ मीटर व्यासाचे सहा पंखे, प्रत्येकाला एक मोटर, आणि पुढे जाताना भार पेलायला विमानासारखे पंख. जागेवर तरंगायला बॅटरीतून सुमारे ५६० किलोवॅट लागतात. या पंखांच्या आधारावर ताशी २१६ किलोमीटरने पुढे जायला साधारण २०० किलोवॅट पुरतात.

बॅटरी ७०० किलोची धरली, तर आजच्या हिशेबाने तिच्यात १४० युनिट मावतात. वीजबिलातलं युनिट, तेच हे. आयुष्य टिकवायचं तर पाव भागाला हात लावायचा नाही. उरले १०५. चढण्या-उतरण्याची दोन मिनिटं १९ युनिट खातात. उतरायला जागा मिळाली नाही तर हाताशी दहा मिनिटं हवीत, त्याचे ३३. प्रवासाला राहिले ५३ युनिट : सोळा मिनिटं, ५७-५८ किलोमीटर. जुहू ते पुणे सरळ रेषेत १२० किलोमीटरच्या पुढे आहे, आणि मध्ये घाट. पावसाळ्यातला समोरचा वारा यात धरलेलाच नाही. विजेवरची एअर टॅक्सी बनवणाऱ्या अमेरिकेच्या जॉबी कंपनीने २०२१ मध्ये एका चार्जवर सुमारे २४९ किलोमीटर उड्डाण केलं हे खरं, पण त्यात माणूस नव्हता.

खरी गोम उतरण्यात आहे. मोटारीत २० टक्के चार्ज उरला तरी माणूस निवांत घरी पोचतो. इथे सगळ्यात जड काम शेवटी येतं. चार्ज उतरला की व्होल्टेज पडतं. मोटरला शक्ती तेवढीच हवी, म्हणून करंट वाढतो, सेल तापतात, व्होल्टेज आणखी पडतं. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढलेला असतो, त्यामुळे तिच्यात युनिट शिल्लक दिसत असूनही उतरण्यापुरती ताकद निघत नाही. पुण्याची उंची आणि ४० अंशांचा उन्हाळा धरला तर हवा विरळ होते आणि तरंगायला आणखी आठ टक्के शक्ती लागते.

जुहू ते नवी मुंबई विमानतळ मात्र जमण्यासारखं आहे. अंतर सुमारे २८ किलोमीटर, आठ मिनिटं, ४६ युनिट. ते दहा मिनिटांत परत भरायचे तर प्रत्येक तळावर पावणेतीनशे किलोवॅटचा चार्जर हवा.

प्रश्न : अशा एअर टॅक्सीच्या सहापैकी एक मोटर बंद पडली तर? (कोल्हापूर)

तोल राखायला समोरासमोरची मोटरही मंद करावी लागते. उरलेल्या चारांवर दीडपट रेटा येतो आणि प्रत्येकीला जवळपास १.८ पट शक्ती लागते. म्हणून मोटर आणि तिची वायर आधीपासूनच तेवढी दणकट घेतात, आणि वजन पुन्हा वाढतं.

याहून फसवा धोका घाईने खाली येण्याचा. पुढचा वेग कमी असताना भराभर उतरलं, तर रोटर स्वतःच्याच झोतात सापडतो आणि उचल अचानक जाते. ८ एप्रिल २००० रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या मराना इथे व्ही-२२ ऑस्प्रे हे रोटर वर-पुढे वळवणारं लष्करी विमान याच कारणाने एका बाजूला कलंडून पडलं. १९ सैनिक गेले. त्यानंतर ताशी ७४ किलोमीटरपेक्षा कमी वेगात मिनिटाला ८०० फुटांहून जास्त खाली यायचं नाही, ही मर्यादा चालकांच्या मनावर ठसवली गेली.

प्रश्न : एअर टॅक्सी सोसायटीच्या गच्चीवर उतरवता येईल का? (ठाणे)

नाही. वरच्या नमुन्यातल्या पंख्यांचा झोत खाली ताशी शंभर किलोमीटरच्या घरात पोचतो. पत्रे, टाक्यांची झाकणं, सोलरचे सैल बोल्ट, वाळत घातलेले कपडे, काहीही उडून पंख्यात जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या पॅन ॲम इमारतीच्या छतावर नियमित हेलिकॉप्टर सेवा होती. १६ मे १९७७ रोजी उभ्या हेलिकॉप्टरच्या चाकाचा आधार मोडला, ते कलंडलं, आणि फिरत्या पात्यांनी छतावरचे चार जण गेले. पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून पाचवा बळी गेला. तळ जमिनीवर, कुंपणाआड, आणि पंखे पूर्ण थांबल्याशिवाय प्रवाशांना जवळ जाऊ न देणारा असावा.