जुन्या डिझेल गाडीतून भरपूर धूर येतोय, इंजिन उघडावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की १२ वर्षं जुनी डिझेल गाडी सेकंडहँड घेतली, सकाळी सेल्फ मारल्यावर धूर येतो, चढावर रेस दिली की मागची गाडी दिसेनाशी होते, आणि मेकॅनिकने गाडी बघताक्षणी ‘इंजिन काम काढावं लागेल’ असं सांगितलं. मी डिझेल गाड्यांचीच कामं करतो. माझं स्पष्ट मत असं की एवढ्या माहितीवर इंजिन उघडायला देऊ नका. सकाळचा धूर आणि चढावरचा धूर हे बहुतेक दोन वेगळे आजार आहेत, आणि दोन्हींची तपासणी इंजिनाला हात न लावता होते.

धुराच्या रंगाबद्दल सगळे बोलतात: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी). हे खरंच आहे, पण रंगाइतकंच महत्त्वाचं म्हणजे धूर कधी येतो. थंड इंजिनवर की गरम झाल्यावर? जागेवर उभी असताना की लोड आल्यावर? बराच वेळ आयडलिंगला ठेवून रेस दिल्यावर? दोन-तीन दिवस हे नीट बघून लिहून ठेवा.

आधी सकाळचा धूर. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो. हवा १६ ते २२ पट दाबली जाते, ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. इंजिन गार असेल तर ही उष्णता धातू शोषून घेतो, म्हणून सुरुवातीला हीटर प्लगची मदत लागते. चारातला एक प्लग मेला तर त्या सिलेंडरमधलं डिझेल न पेटताच वाफ होऊन बाहेर पडतं. पांढरट धूर, डोळ्यांना झोंबणारा डिझेलचा वास, इंजिनची थरथर, आणि मिनिटभरात सगळं शांत. असंच होत असेल तर आधी मल्टिमीटरने प्लगचा रेझिस्टन्स बघा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. प्लग ठीक निघाले तर रिले बघा, प्लगपर्यंत करंट पोचतोय का ते बघा. तेही ठीक असेल तर संशय गळक्या नोझलवर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा कमी कॉम्प्रेशनवर (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद) जातो.

पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल, वास गोडसर असेल आणि टाकीतलं कूलंट उतरत असेल तर गाडी चालवू नका. इथे मेकॅनिक लगेच ‘हेड गॅस्केट’ (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याखालचं पॅकिंग) म्हणतो, पण ईजीआर कूलर (परत इंजिनात जाणारा जळका वायू कूलंटने गार करणारा भाग) फुटला तरी कूलंट एक्झॉस्टमध्ये जातं आणि लक्षणं हुबेहूब तीच दिसतात. कूलंटच्या टाकीवर गॅस टेस्ट करून घ्या. टेस्टच्या निळ्या द्रवाचा रंग हिरवा किंवा पिवळा झाला तर जळका वायू कूलंटमध्ये शिरतोय, म्हणजे बहुतेक गॅस्केट किंवा हेड. रंग बदललाच नाही तर हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर प्रेशर देऊन तपासायला सांगा.

आता चढावरचा काळा धूर. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण लोकांचे सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. नोझल बदलतात, पंप उघडतात, आणि दोष भलतीकडेच असतो. टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या गाडीत एअर फिल्टरनंतर एक सेन्सर हवा मोजतो आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) त्या हिशोबाने डिझेल सोडतो. सेन्सरच्या पुढे, टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतच्या पाइपात कुठे चीर असेल तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. डिझेल मात्र पूर्ण हिशोबाने येतं. परिणाम म्हणजे काळा लोट, पिकअप गायब, आणि रेस दिल्यावर फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज. जागेवर गाडी अगदी शहाण्यासारखी चालते, कारण तेव्हा टर्बोचा दाबच नसतो.

ही चीर नुसती बघून सापडत नाही. इंजिन बंद आणि गार असताना टॉर्च घेऊन रबरी होजच्या खालच्या बाजूला हात फिरवा. जिथे क्लॅम्पजवळ ओलसर ऑइल आणि त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा झालाय, तिथे दोन्ही अंगठ्यांनी होज वाकवून दाबा. वरून धड दिसणारं रबर घडीच्या आत ओठ उघडावेत तसं उघडतं. होजमध्ये ऑइलचा पातळ थर असणं साहजिक आहे, त्याला घाबरू नका. हाताला काहीच लागलं नाही तर स्मोक टेस्ट (पाइपात धूर भरून गळती शोधणं) करून घ्या.

होज चांगले निघाले तर एअर फिल्टर, मग ईजीआर व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की जळकी हवाच परत इंजिनात जाते, ऑक्सिजन कमी पडतो आणि कमी आरपीएमला गाडी ओढत नाही. कॉमन रेल गाडी (सगळ्या नोझलना एकाच सामायिक पाइपातून जबर दाबाचं डिझेल मिळतं ती) असेल तर स्कॅनर लावून लोडवर टर्बोचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब, हवेचं रीडिंग आणि प्रत्येक नोझलचं करेक्शन (ईसीयू त्या सिलेंडरचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते) बघायला सांगा. एकाच सिलेंडरचं करेक्शन इतरांपेक्षा फार वेगळं असेल तर नोझलचा विषय काढा, त्याआधी नाही. तुमच्या गाडीला मुळात डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवून बघा. काजळीने बोट काळं झालं तर फिल्टर फुटलाय किंवा आधीच्या मालकाने तो पोकळ करून टाकलाय.

निळा धूर असेल तरच इंजिन कामाची चर्चा सुरू होते, तीही लगेच नाही. आधी डिपस्टिक बघा, ऑइल खुणेच्या वर भरलेलं नाही ना? मग ब्रीदर (इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणारी वाट) बघा. तो तुंबला की क्रँककेसमध्ये (इंजिनचा ऑइल असलेला खालचा भाग) दाब वाढतो, टर्बोचं ऑइल खाली उतरत नाही आणि चांगला टर्बोही ऑइल सोडायला लागतो. हे न बघता टर्बो बदलला तर नवा टर्बोही धूर मारणार. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात का याचा अंदाज घ्यायचा तर गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण सैल करा आणि उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. झाकण उडत असेल आणि खालून धुराचे भपके येत असतील तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. त्यात नुसत्या आकड्यापेक्षा सिलेंडर-सिलेंडरमधला फरक बघा. इतकं झाल्यावर मेकॅनिक इंजिन उघडायचं म्हणाला तर त्याचं ऐका.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना डिझेल लाइनचा नट कधीही सैल करू नका. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत एकेक नट सैल करून खराब नोझल शोधायची पद्धत होती, ती इथे चालत नाही. या लाइनमध्ये दाब १,००० बारच्या वर जातो आणि बारीक फवाराही कातडीतून आत घुसतो. तसं झालं तर जखम किरकोळ दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठा. दुसरी गोष्ट म्हणजे निळा धूर अचानक प्रचंड वाढला आणि चावी बंद करूनही इंजिन आपोआप रेस होत गेलं, तर ते स्वतःचंच ऑइल पिऊन पळतंय. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून ठेवा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते जमलं नाही तर गाडीतून उतरून लांब व्हा. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर हा धोका जवळ आलाय असं समजून गाडी उभीच ठेवा.

गाडीचं मॉडेल, इंजिन कॉमन रेल आहे की जुन्या पंपाचं, १,००० किलोमीटरमागे ऑइल किती कमी होतं आणि चढावरच्या धुराचा नेमका रंग, एवढं कमेंटमध्ये लिहा. पुढे काय तपासायचं ते सांगतो.