रीड-सॉलोमनला जमणारं लिस्ट डिकोडिंग गाबिदुलिन कोडला का जमत नाही?

तुम्ही विचारलंय की गाबिदुलिन कोड रीड-सॉलोमनसारखाच पॉलिनॉमियलवर उभा आहे (दोन्ही चुका दुरुस्त करणारे कोड), तर अर्ध्या अंतराच्या पुढचं लिस्ट डिकोडिंग, म्हणजे चुका कोडच्या किमान अंतराच्या निम्म्याहून जास्त झाल्या की एका उत्तराऐवजी सगळ्या शक्य उत्तरांची यादी काढणं, तिथे का चालत नाही. एमटेकला असताना माझाही हाच समज होता आणि त्या अल्गोरिदमच्या मागे मी चांगले पंधरा दिवस घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात म्हणजे अल्गोरिदम कितीही भारी आणा, काही गाबिदुलिन कोडमधे यादीच एवढी मोठी निघते की ती नुसती लिहून काढतानाच वेळ संपेल.

गाबिदुलिन कोडमधे अंतर मोजतात ते चुकांच्या मॅट्रिक्सच्या रँकने, म्हणून आधी रँक म्हणजे काय ते. स्टेशनवरचा ठिपक्यांचा इंडिकेटर डोळ्यासमोर आणा, त्यात एक अख्खी उभी ओळ बंद पडली तर ठिपके बरेच चुकले, पण चुकांचं मॅट्रिक्स मांडलं तर रँक (एकमेकींपासून न बनणाऱ्या ओळींची संख्या) फक्त १. डेल्सार्तने १९७८ मधे आणि गाबिदुलिनने १९८५ मधे असे कोड दिले, रॉथने १९९१ मधे ते नेमके अशा आडव्या-उभ्या चुकांसाठी वापरले. पॉलिनॉमियलमधे एक्सचे घात १, २, ४, ८ असेच घ्यायचे, बाकी रीड-सॉलोमनसारखंच, म्हणजे ठरलेल्या बिंदूंवर पॉलिनॉमियलच्या ज्या किमती येतात तो कोडवर्ड.

आता खरी गंमत. लांबी १६, फील्डमधे (बेरीज, गुणाकार, भागाकार सगळं चालतं असा संच) ६५५३६ घटक, के (पॉलिनॉमियलमधल्या पदांची संख्या) = २ धरा, म्हणजे कोडवर्ड येतात एक्स आणि एक्स वर्ग या दोनच पदांतून. किमान अंतर (कुठल्याही दोन कोडवर्डमधलं कमीत कमी अंतर) १५, त्यामुळे रँक ७ पर्यंतच्या चुकीला उत्तर एकच. (याच आकड्यांचा रीड-सॉलोमन घेतला तर गुरुस्वामी-सुदान यांची १९९९ ची पद्धत ११ चुकांपर्यंत छोटी यादी काढून देते.) समजा रिसीव्ह झालेला शब्द आहे एक्सचा २५६ वा घात. ६५५३६ च्या फील्डच्या पोटात २५६ घटकांचं छोटं फील्ड बसलेलं असतं, त्याला शून्य सोडून कुठल्याही अल्फाने गुणा, ८ डायमेन्शनची एक सबस्पेस (बेरीज करून बाहेर न जाणारा फील्डचा भाग) मिळते, आणि ती सबस्पेस म्हणजेच 'एक्सचा २५६ वा घात वजा बीटा गुणिले एक्स' याची सगळी मुळं, जिथे बीटा हा अल्फाचा २५५ वा घात. आता बीटा गुणिले एक्स हा तर आपल्या कोडमधलाच कोडवर्ड झाला! फरकाची मुळं ८ डायमेन्शनची, म्हणून अंतर १६ वजा ८, म्हणजे ८.

असे वेगवेगळे बीटा किती? मुलुंडहून दादरला जाताना लोकलमधे उभ्या उभ्या फोनवर ६५५३५ भागिले २५५ केलं, २५७ आलं, विश्वास बसेना म्हणून परत केलं, तरी २५७ च. म्हणजे रँक ७ ला जास्तीत जास्त एक उत्तर आणि लगेच पुढच्या ८ ला कमीत कमी २५७, मधे काहीच नाही. लांबी ६४ केली तर ३१ पर्यंत जास्तीत जास्त एक आणि ३२ ला ४२९ कोटींच्या वर.

हॅमिंग मेट्रिकमधे (रीड-सॉलोमनसारखं, किती जागा चुकल्या ते मोजताना) जॉन्सन बाउंड आपल्याला सांभाळून घेतो, यादी अमुक अंतरापर्यंत फुगत नाही याची हमी देतो. रँक मेट्रिकमधे सगळ्या कोडना लागू पडेल अशी हमी नाहीच, हे आंतोनिया वाख्टर-झे यांनी २०१३ मधे दाखवलं, आणि २०१६ मधे नेतनेल रविव यांच्यासोबत काही गाबिदुलिन कोडच्या बाबतीत तर अर्ध्या अंतरानंतर लगेचच सगळं फुगतं हेही.

पण म्हणून विषय सोडू नका हो. वर घोटाळा केला तो सबफील्डने (पोटातल्या छोट्या फील्डने), आणि तिथेच हात घालता येतो. गुरुस्वामी, वँग आणि झिंग यांनी गाबिदुलिनचे असे सबकोड (कोडमधले काही निवडक कोडवर्ड) बनवले की यादी आटोक्यात राहते, शिवाय फील्ड लांबीच्या मानाने खूप मोठं घेऊन इव्हॅल्युएशन पॉइंट (ज्या बिंदूंवर किमती काढतो ते) रँडम निवडले तर गाबिदुलिन कोडही लिस्ट डिकोडिंगच्या कपॅसिटीपर्यंत (तत्त्वतः शक्य त्या कमाल मर्यादेपर्यंत) पोचतो असा निकाल २०२४ मधे आलाय. प्रोजेक्ट करत असाल तर माझ्या मते सबकोडवर करा, कारण तिथे कोड हातात धरून प्रोग्राम लिहिता येतो.

त्याआधी लांबी ४ चं वहीत स्वतः करून बघा. १६ घटकांचं फील्ड, के = २, रिसीव्ह झालेला शब्द एक्सचा चौथा घात. रँक १ पर्यंत उत्तर जास्तीत जास्त एकच, आणि रँक २ ला हे बीटावाले निदान ५ तरी मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर इथे टाका, कुठे अडलं ते बघू.