ओआरएमच्या कोडला स्नॅपशॉट टेस्ट: वाचकांचे प्रश्न

स्नॅपशॉट टेस्टमध्ये कोडचं आउटपुट एकदा फाइलमध्ये साठवायचं, नीट वाचून ती फाइल कमिट करायची आणि पुढच्या प्रत्येक रनला नवं आउटपुट तिच्याशी ताडून बघायचं. जेस्ट या जावास्क्रिप्टच्या टेस्ट टूलमुळे ही पद्धत फ्रंटएंडवाल्यांच्या अंगवळणी पडली. ओआरएम (डेटाबेसच्या टेबलांना कोडमधल्या ऑब्जेक्टशी जोडणारी लायब्ररी) वापरणाऱ्या कोडला ती लावताना मात्र वेगळे पेच पडतात. आजचे प्रश्न त्याच पेचांचे आहेत.

प्रश्न: स्नॅपशॉट नक्की कशाचा घ्यायचा? ओआरएमने दिलेल्या ऑब्जेक्टचा, एसक्यूएलचा, की टेबलमधल्या डेटाचा?

डेटा लिहिणारं फंक्शन असेल, तर टेबलमधल्या ओळींचा. वाचणारं असेल, तर निकालाचा आणि एसक्यूएलचा, पण वेगवेगळ्या फाइलींत. ओआरएमचं ऑब्जेक्ट जसंच्या तसं सीरियलाइझ करून, म्हणजे मजकुरात उतरवून, साठवू नका. सीरियलायझर प्रत्येक फील्डला हात लावतो, आणि लेझी रिलेशनला (गरज पडेल तेव्हाच लोड होणाऱ्या जोडलेल्या डेटाला) हात लागला की ओआरएम गुपचूप आणखी एक क्वेरी मारतो. म्हणजे स्नॅपशॉट घेतानाच तुम्ही मोजायच्या गोष्टीत भर घालता. ऑर्डरकडून ग्राहक आणि ग्राहकाकडून पुन्हा ऑर्डर असं दुतर्फा नातं असेल, तर सीरियलायझर गोल गोल फिरत बसतो. हवे तेवढे कॉलम निवडून साधी डिक्शनरी बनवा आणि ती साठवा.

लिहिण्याच्या बाबतीत एक चूक मी फार वेळा पाहिली आहे: सेव्ह करून त्याच सेशनमधून परत वाचणं. हायबरनेट किंवा एसक्यूएलअल्केमी या ओआरएमच्या सेशनमध्ये आयडेंटिटी मॅप (एकदा हाताळलेली ऑब्जेक्ट धरून ठेवणारी यादी) असतो, त्यामुळे फ्लशनंतर, म्हणजे बदल डेटाबेसकडे पाठवल्यावर, विचारलं तरी तेच जुनं ऑब्जेक्ट हातात येतं. समजा पोस्टग्रेस डेटाबेसमधला कॉलम न्यूमरिक(10,2), म्हणजे दशांशानंतर दोनच अंक ठेवणारा, आहे आणि तुम्ही 12.345 दिलात. टेबलमध्ये 12.35 साठतं, ऑब्जेक्ट मात्र 12.345च दाखवत राहतं. स्नॅपशॉटमध्ये मग डेटाबेसमध्ये नसलेला आकडा पक्का होऊन बसतो. आधी सेशन रिकामं करा, किंवा सरळ कच्च्या एसक्यूएलने टेबल वाचा.

प्रश्न: जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये क्वेरी मोजणारं असर्टनमक्वेरीज आहे. क्वेरींची संख्या तपासली की पुरे नाही का?

संख्या तपासाच, पण ती बरोबर राहूनही क्वेरी बिघडू शकते. एका रिफॅक्टरिंगमध्ये आमच्या क्वेरीसेटमधून टेनंट आयडीचा (डेटा कोणत्या ग्राहक-संस्थेचा हे ठरवणारा) फिल्टर गळून पडला होता. क्वेरी आधीही एक होती, नंतरही एकच. टेस्ट डेटात टेनंटही एकच होता, म्हणून निकालसुद्धा तोच आला. एसक्यूएलचा स्नॅपशॉट असता, तर डिफमध्ये ‘व्हेअर’ची ती ओळ लाल रंगात समोर आली असती. दुसऱ्याचा डेटा तिसऱ्याला दिसण्याचा प्रश्न आहे हा. त्यापुढे एक फाइल सांभाळण्याचा त्रास काहीच नाही.

क्वेरी पकडायला जँगोत कॅप्चरक्वेरीजकॉन्टेक्स्ट आहे, एसक्यूएलअल्केमीत बिफोर_कर्सर_एक्झिक्यूट हा इव्हेंट, डॉटनेटच्या ईएफ कोअर या ओआरएममध्ये कमांड इंटरसेप्टर. एन प्लस वन, म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक जादा क्वेरी, हा दोषही यातच दिसतो: ऑर्डर्सची एक क्वेरी आणि तिच्याखाली ग्राहकाची तीच क्वेरी एकाखाली एक, फक्त आयडी वेगळा. मात्र टेस्ट डेटात एकच ऑर्डर असेल, तर हे कधीच दिसणार नाही. निदान तीन ऑर्डर ठेवा, तिन्ही वेगवेगळ्या ग्राहकांच्या.

प्रश्न: आमचे स्नॅपशॉट माझ्या मशीनवर पास होतात, सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) कधी पास, कधी फेल. प्रत्येक टेस्टनंतर ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतो, तरी आयडी बदलतात. असं का?

कारण पोस्टग्रेसमधला आयडीचे नंबर देणारा सीक्वेन्स रोलबॅकने मागे येत नाही. ओळ गेली तरी तिने घेतलेला नंबर खर्च झालेला असतो, म्हणून आधी किती टेस्ट धावल्या त्यावर आयडी ठरतो. यावर अनेक जण सगळे आयडी पुसून जागी एकच शब्द टाकतात. तसं करू नका, कारण त्यात कोणती ओळ कोणाशी जोडली आहे हीच माहिती जाते. पहिल्यांदा दिसलेल्या आयडीला ‘ग्राहक_1’, पुढच्याला ‘ग्राहक_2’ अशी नावं द्या. ऑर्डर चुकून दुसऱ्याच ग्राहकाला चिकटली, तर ते डिफमध्ये दिसतं. डॉटनेटमधलं व्हेरिफाय हे स्नॅपशॉट टूल जीयूआयडींना (लांबलचक यादृच्छिक आयडींना) अशीच क्रमवार नावं देतं.

वेळेचं दुखणं अधिक खोल आहे. फ्रीजगन ही लायब्ररी पायथनचं घड्याळ थांबवते, डेटाबेसचं नाही. कॉलमचा डीफॉल्ट नाऊ() असेल, तर ती वेळ डेटाबेस स्वतः भरतो. त्यात पोस्टग्रेसचं नाऊ() ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. तुमची अख्खी टेस्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालते, म्हणजे सगळ्या ओळींना हुबेहूब एकच वेळ! मग क्रिएटेड_ॲटवर लावलेला क्रम कोणता येईल याची हमी उरत नाही. माझा अंदाज, तुमचं ‘कधी पास, कधी फेल’ बहुधा इथूनच येतंय. टेस्ट डेटात वेळा स्वतः द्या, आणि क्रमाच्या शेवटी आयडी जोडा. प्रॉडक्शनच्या कोडमध्येही जोडा, कारण पेजिनेशनमध्ये हीच अनिश्चितता एखादी ओळ दोनदा दाखवते आणि एखादी गाळते.

प्रश्न: वेगासाठी टेस्ट एसक्यूलाइटवर चालवतो, प्रॉडक्शन पोस्टग्रेसवर आहे. चालेल ना?

नाही. एसक्यूलाइटमध्ये लाइक साध्या रोमन अक्षरांचं लहान-मोठं रूप पाहत नाही, पोस्टग्रेस पाहतो. चढत्या क्रमात एसक्यूलाइट नल आधी ठेवतो, पोस्टग्रेस शेवटी. तुमचा स्नॅपशॉट वेगळ्याच डेटाबेसचा होईल. कंटेनरमध्ये पोस्टग्रेस चढवा, आणि आवृत्ती प्रॉडक्शनचीच घ्या.

प्रश्न: ओआरएमची आवृत्ती बदलली आणि शेकडो एसक्यूएल स्नॅपशॉट एकदम फेल झाले. सगळे अपडेट करून टाकू का?

थोडं थांबा. ईएफ कोअर 8 हे नोव्हेंबर 2023 मध्ये आलं, तेव्हा एसक्यूएल सर्व्हरसाठी यादीवरच्या कंटेन्सचं (किंमत यादीत आहे का हे तपासणाऱ्या कोडचं) भाषांतर बदललं. आधी यादीतल्या किमती थेट ‘इन’मध्ये लिहिल्या जायच्या, त्या आवृत्तीत यादी जेसन पॅरामीटर म्हणून जाऊ लागली आणि ओपनजेसनने उलगडली जाऊ लागली. निकाल तोच, पण ऑप्टिमायझरला (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला) यादीत किती किमती आहेत याचा नीट अंदाज येईना आणि काही क्वेरी मंदावल्या. सगळं डोळे मिटून अपडेट केलं, तर असा बदल प्रॉडक्शन हळू झाल्यावरच कळतो.

अपग्रेडची पुल रिक्वेस्ट वेगळी ठेवा, तिच्यात दुसरा एकही बदल नको. मग डिफ प्रकारांनुसार लावा. शेकडो फाइलींत बदलाचे प्रकार सहसा मोजकेच निघतात: एलियसची नावं, कोट, कॉलमचा क्रम. ते एकगठ्ठा स्वीकारा. जिथे जॉइन, ‘व्हेअर’ किंवा सबक्वेरी बदलली आहे, ती प्रत्येक क्वेरी प्रॉडक्शनएवढ्या डेटावर चालवून तिचा प्लॅन आधीच्या प्लॅनशेजारी ठेवून वाचा, आणि मगच तो स्नॅपशॉट मान्य करा.