फिट येणाऱ्या कुत्र्याला न्यूरॉलॉजिस्टकडे नेताना

तुमचा लॅब्रॅडॉर 4 वर्षांचा, दोन महिन्यांत तीनदा फिट आली आणि नागपुरातल्या तुमच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला सांगितलं. तिथे काय होतं आणि एमआरआय लागेलच का, असं विचारलंय तुम्ही.

सगळ्यात आधी व्हिडिओ. दवाखान्यात फिट क्वचितच येते, म्हणून डॉक्टरांना ती तुमच्या मोबाइलमधूनच दिसणार. चेहरा आणि चारही पाय दिसू द्या, मध्येच नावाने हाक मारा आणि झटके थांबल्यावरही दोनेक मिनिटं शूटिंग चालू ठेवा. सोबत तारीख, वेळ, किती मिनिटं हे लिहिलेली वही, जुने रिपोर्ट, लसीचं कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं. गोचिड झाले असतील तर तेही सांगा, त्यांच्यामुळे होणारे काही आजार मेंदूपर्यंत जातात.

तपासणीत त्याला आधी चालवून बघतात. मग पंजा उलटा करून जमिनीवर टेकवतात; निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो, उशीर झाला तर मेंदू किंवा मणक्यातल्या नसांकडे बोट जातं. डोळ्यांसमोर हात नेऊन पापणी मिटते का, टॉर्चने बाहुली आक्रसते का, गुडघ्याखाली हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, हे बघतात. दुखेल असा भाग शेवटी ठेवतात. फिट येऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर ते आवर्जून सांगा, कारण तेवढ्या काळात तपासणी उगाचच बिघडलेली दिसू शकते.

आता एमआरआय. पहिली फिट 6 महिने ते 6 वर्षं या वयात आली, तपासणी नॉर्मल आणि रक्तातली साखर, कॅल्शियम, लिव्हर-किडनीही ठीक, तर बहुतेक वेळा निदान मूळच्या एपिलेप्सीचंच होतं, म्हणजे मेंदूत दुसरा आजार नसताना येणाऱ्या फिटचं. अशा वेळी एमआरआयची घाई करू नये, असं माझं मत आहे. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. वय या चौकटीबाहेर असेल, दोन फिटच्या मधल्या काळातही तोल जात असेल किंवा गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर मात्र तो टाळू नका.

फेनोबार्बिटोन, म्हणजे फिट रोखणारी गोळी, सुरू झालं तर पहिले दोन आठवडे सुस्ती, लडखडणं दिसेल; खूप भूक-तहान त्यानंतरही राहू शकते. घाबरून गोळी बंद करू नका! अचानक बंद केल्याने जीवघेणी फिट येऊ शकते. भुलीसाठी उपाशी ठेवायला सांगितलं, तरी त्या सकाळच्या गोळीचं काय करायचं ते विचारून घ्या. माणसांची वेदनाशामकं किंवा उरलेलं स्टिरॉइड मनाने देऊ नका. स्टिरॉइडने पुढचं निदान झाकलं जातं.

फिट चालू असताना कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात बोट घालू नका. डोकं आपटणार नाही एवढं बघा, पंखा लावा. झटक्यांनी अंग तापतं आणि नागपूरच्या मे महिन्यात ते फार लवकर हाताबाहेर जातं. झटके 5 मिनिटांवर गेले किंवा 24 तासांत दुसरी फिट आली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, निघण्याआधी फोन करून.