पंप घेऊ का, असं विचारणाऱ्या सगळ्यांना

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं नळाचीच आहेत, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाच्या शेवटी तोच प्रश्न, "प्रेशर पंप बसवू का?" अहो, बसवा की, पण त्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या.

प्रश्न : आमचं गोडोलीत दोन मजली घर आहे, गच्चीवर १००० लिटरची टाकी. गेल्या महिन्यात टाकी धुऊन घेतली आणि तेव्हापासून वरच्या बाथरूमला नुसती करंगळीएवढी धार येतीये. सकाळी पहिला नळ सोडला की फुस्स करतो, मग थुंकल्यासारखं पाणी येतं आणि भिंतीतून गुडगुड आवाज. सासूबाई म्हणतात भिंतीत काहीतरी आहे. प्लंबरनं पंपाचा खर्च सांगितलाय. घ्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, भिंतीत आहे काहीतरी, पण ती हवा आहे. टाकी पूर्ण रिकामी केली की पाइपातलं पाणी उतरतं आणि त्या जागी हवा शिरते, मग पाणी परत भरलं तरी जिथं पाइप वर जाऊन परत खाली आलाय (गिझरला वळसा, खिडकीवरून नेलेली लाइन) तिथं ती हवा फुग्यासारखी अडकून बसते. खालच्या मजल्याला पाण्याचा जोर जास्त म्हणून तिथली निघून जाते, वरच्याला जोरच नाही तर ढकलणार कोण?

जोर का नाही ते बघा. कासचं पाणी साताऱ्यात येतं ते उतारानं, तलाव उंचावर आहे म्हणून. तुमच्या घरातही तोच हिशोब, फक्त फुटांत. पाण्याची उंची १० मीटर असेल तर साधारण १ किलो प्रेशर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलोचा दाब) मिळतं. तुमच्या टाकीचा तळ आणि वरचा शॉवर यात अंतर किती असेल, फार तर ४-५ फूट, म्हणजे साधारण दीड मीटर, म्हणजे जेमतेम ०.१५ किलो. एवढ्याशा जोराला हवेचा एक फुगासुद्धा भारी पडतो.

आता काय करायचं. गच्चीवर टाकीतून लाइन जिथं बाहेर पडते तिथला वॉल्व पूर्ण उघडा आहे का बघा, टाकी धुणारी माणसं तो अर्धाच फिरवून जातात हे मी शंभरदा पाहिलंय. चाकाचा जुना वॉल्व असेल तर एक घोळ असतो, दांडा फिरतो पण आतली पट्टी तुटून खालीच बसलेली असते, म्हणजे हाताला उघडा आणि पाण्याला बंद. मग तो बदलायचाच.

त्या वॉल्वच्या पुढं एक उभा पाइप टाकीच्या झाकणापेक्षा वर गेलेला असतो, वर छत्रीच्या दांड्यासारखा वळलेला. हा एअर पाइप, हवा बाहेर पडायची वाट. पुण्याला कात्रजहून आणलेल्या पेशवेकालीन भुयारी नळालासुद्धा ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास बांधलेले आहेत, म्हणजे ही अक्कल आपल्याकडं जुनीच आहे. आणि आपण काय करतो, तर पाल शिरते म्हणून त्याला बूच मारतो! आमच्या घरीच बाबांनी दुधाची पिशवी गुंडाळून वर सुतळीनं आवळली होती आणि मी दोन दिवस खाली गिझर खोलून बसलो होतो. झाकायचंच असेल तर मच्छरदाणीची जाळी बांधा. सोलर असेल तर त्याच्या टाकीवरचा असा पाइप मात्र चुकूनही बंद करू नका, वाफ कोंडली तर टाकी फुटू शकते.

हे सगळं ठीक असूनही धार तशीच, तर शेवटचा उपाय. नगरपालिकेचं पाणी सुटलेलं असताना अंगणातल्या डायरेक्ट नळाला बागेची नळी लावा, दुसरं टोक वरच्या बाथरूमच्या नळाला घट्ट बसवा (दोन माणसं लागतात, एकजण भिजतोच) आणि दोन्ही नळ मिनिटभर उघडा. खालचं पाणी हवेला उलटं टाकीकडं ढकलतं, वर टाकीत बुडबुडे ऐकू आले की काम झालं.

मग १५ लिटरची बादली लावून घड्याळ बघा. दीड मिनिटात भरली म्हणजे मिनिटाला १० लिटर, घरच्या वापराला बास आहे. हॉटेलसारखा शॉवर हवा असेल तर तेवढ्यासाठी पंप घ्या, माझी हरकत नाही. टाकीखाली स्टँड करायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, भरलेली टाकी म्हणजे १ टन वजन, ते कॉलम किंवा बीमवरच यायला पाहिजे, स्लॅबच्या मधोमध नाही.

प्रश्न : विश्रामबागला फ्लॅट आहे. वॉशिंग मशीन पाणी घ्यायचं थांबलं की भिंतीत ठक्क करून हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. खालचे काका दोनदा वर येऊन गेले.
– एक वाचक, सांगली

उत्तर : काकांना चहा पाजा, चूक मशीनचीही नाही. आपण नळ हळूहळू बंद करतो, मशीनचा वॉल्व झटक्यात मिटतो आणि पळत आलेलं पाणी जाऊन आदळतं. सेकंदाला १ मीटर वेगानं जाणारं पाणी लोखंडी पाइपात एकदम थांबलं तर क्षणभर १० किलोच्या वर झटका बसतो, प्लॅस्टिकच्या पाइपात कमी पण बसतोच. मशीनचा अँगल कॉक (नळी जोडलेला भिंतीवरचा छोटा कॉक) थोडा आवळून बघा, वेग कमी झाला की आवाज निम्म्यावर येतो, मशीन भरायला जरा वेळ लागेल एवढंच. डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या मोकळ्या जागेत) जाऊन पाइप हातानं हलवा, हलत असेल तर क्लॅम्प मारून घ्या. एवढं करूनही आवाज राहिला तर कॉकजवळ वॉटर हॅमर अरेस्टर, म्हणजे पाण्याचा झटका झेलणारी छोटी डबी, बसवतात. आणि सोसायटीत प्रेशर पंप असेल तर त्याचं सेटिंग कोणी वाढवलंय का ते विचारा, बहुतेकदा वाढवलेलं असतं.

प्रश्न : मिरजेत जुनं घर, लोखंडी पाइप. किचनचा एकच नळ मंद येतो, बाकी सगळे चांगले.
– एक वाचक, मिरज

उत्तर : एकच नळ म्हणजे आधी तोंडावरची जाळी काढा. बोअरचं पाणी असेल तर क्षारानं ती पांढरी खडी होते, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून टूथब्रशनं घासा. जाळी काढूनही धार तीच असेल तर दोष पाइपात आहे. अर्ध्या इंची लोखंडी पाइप मी कापून पाहिलाय, आत गंजाचे थर चढून मधे पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं होतं. तो साफ बिफ होत नाही, तेवढा तुकडा सीपीव्हीसीत (गरम पाणीही चालणारा प्लॅस्टिकचा पाइप) बदलून घ्या, आणि फरशी फोडायची नसेल तर भिंतीवरून उघडा न्या, दिसायला वाईट पण पुढच्या वेळी आशीर्वाद द्याल.

प्रश्न : शेजारी नगरपालिकेच्या नळालाच डायरेक्ट मोटार लावतात, आमच्याकडं थेंब येत नाही. आम्हीपण लावावी का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. नियमात बसत नाही हे एक, आणि लाइनमधून पाणी ओढलं की गळक्या जॉइंटमधून बाहेरचं गटारही आत ओढलं जातं, जे तुम्हीही पिणार आणि शेजारीही. जमिनीच्या पातळीला छोटी टाकी करा, पाणी आपसूक तिच्यात पडू द्या आणि मोटार तिथून लावा. तक्रार लेखी द्या, आणि शेजाऱ्याशी भांडायचंच असेल तर पाणी सुटायच्या आधी भांडा, नंतर मोटारीच्या आवाजात ऐकू येत नाही.