अमेरिकेची राज्यघटना: सुरुवात कुठून करावी?
पहिली तीन कलमं आधी वाचा: काँग्रेस (म्हणजे तिथली संसद), राष्ट्राध्यक्ष, न्यायालयं. तेवढं पुरे.

नवखे लोक आपली संसदीय चौकट डोक्यात ठेवून वाचतात, तिथेच फसतात. तिकडे मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात आणि अविश्वास ठरावाने राष्ट्राध्यक्ष पडत नाही. दुसरी चूक म्हणजे तिन्ही सत्ता अगदी वेगळ्या मानणं. विधेयकावरचा राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतल्या दोन-तृतीयांश मतांनी मोडता येतो. न्यायाधीश तो नेमतो, पण सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने.

मग एकच खटला घ्या, १९५२ चा. कोरियन युद्ध चालू, संप तोंडावर, म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते बेकायदा ठरवलं आणि त्यांनी कारखाने परत केले! न्यायमूर्ती जॅक्सन यांचं सहमतीचं स्वतंत्र निकालपत्र सावकाश वाचा. अडलं तर विचारा.