मार्सेलिसच्या बंदरासमोर पर्यावरणपूरक ऑफिस इमारत डिझाइन करायची आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की थेसिससाठी जोलिएत या बंदरालगतच्या भागातला, धक्क्यासमोरचा प्लॉट घेतलाय, आणि सोलर पॅनल, हिरवी गच्ची की सर्टिफिकेट, आधी कशाला हात घालू असा प्रश्न पडलाय. ही तिन्ही सध्या बाजूला ठेवा. आधी पश्चिमेच्या भिंतीचा प्रश्न सोडवा.

जोलिएतला समुद्र पश्चिमेला आहे. म्हणजे ज्या बाजूच्या दृश्यासाठी भाडेकरू जास्त पैसे मोजतो, त्याच बाजूने दुपारनंतरचं ऊन येतं. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री ९ नंतर मावळतो. संध्याकाळी ६ वाजता तो नेमका समोर, क्षितिजापासून जेमतेम ३४ अंशांवर असतो. त्या वेळी ३ मीटर उंचीची काच पूर्ण सावलीत ठेवायची तर जवळजवळ साडेचार मीटरचा छज्जा लागेल. तो कोणी बांधणार नाही. दक्षिणेला छज्जा चालतो, पश्चिमेला उभी आणि हलवता येणारी सावलीच लागते, तीही काचेच्या बाहेर.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण याच शहरात एका फसाड (म्हणजे इमारतीची बाहेरची भिंत आणि काच) कन्सल्टन्सीत असताना यावरून माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. इमारत समुद्रासमोरचीच होती. तिथल्या जुन्या घरांना पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडी झडपा असतात. लोक दुपारी त्या ओढून घेतात, वाराही येतो आणि ऊनही अडतं. मी तेच अॅल्युमिनियममध्ये, वरच्या आणि खालच्या रुळांवर सरकणारं काढलं होतं. प्रोजेक्ट प्रमुख म्हणाले, काचेला उत्तम कोटिंग आहे, आतून रोलर ब्लाइंड देऊ, मिस्त्रालमध्ये तुमच्या झडपा उडून जातील. मिस्त्राल म्हणजे वायव्येकडून सुटणारा तिथला सोसाट्याचा वारा.

मिस्त्रालचा मुद्दा खोटा नव्हता. बाहेरचे नाजूक मोटरचे ब्लाइंड जोराचा वारा सुटला की सेन्सरमुळे आपोआप वर जातात. आणि मिस्त्राल आकाश लख्ख करतो, म्हणजे ऊन कडक असतं तेव्हाच सावली गायब! पण यावरून निष्कर्ष निघतो तो सावली भक्कम करा असा. सावलीच काढून टाका, असा निघत नाही. खर्चकपातीच्या बैठकीत झडपा गेल्या. इमारत सुरू झाल्यावर एका जुलैत मी दुपारी तिथे गेलो. पश्चिमेचे सगळे ब्लाइंड खाली, आत दिवे चालू, एसी पूर्ण जोरात. ज्या समुद्रासाठी एवढा अट्टहास केला तो एकाही टेबलावरून दिसत नव्हता. ऊन एकदा काचेतून आत आलं की आतला पडदा फक्त डोळ्यांवरची चमक कमी करतो, बरीचशी उष्णता खोलीतच राहते. मला तेव्हा राग आला होता, आजही येतो.

कोणी म्हणेल, तिथे समुद्राच्या पाण्यावर चालणारं कूलिंग नेटवर्क आहे, मग काळजी कसली? आहे. २०१६ साली थॅसालिया नावाचं ते नेटवर्क सुरू झालं, आणि ती खरोखर चांगली गोष्ट आहे. पण पंपांना वीज लागते, आणि काचेच्या हट्टापायी वाढवलेला भार शेवटी त्याच नेटवर्कवर पडतो. वास्तुविशारद जाँ नूव्हेलचा १३५ मीटरचा 'ला मार्सेयेझ' टॉवर (२०१८) त्याच नेटवर्कवर आहे, तरी त्याने काचेबाहेर काँक्रीटच्या सावलीपट्ट्या दिल्याच. तो जरूर अभ्यासा.

बाकी पटकन सांगतो. ताजी हवा ओढायची जाळी धक्क्याच्या बाजूला ठेवू नका, जहाजांचा धूर आत येईल. समुद्राकडच्या फिटिंगला ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील नको, ३१६ प्रतीचं घ्या, आणि तेही धुता येईल असं लावा. मुंबईच्या सवयीने विचार करू नका, मार्सेलिसचा उन्हाळा कोरडा असतो. रात्री खिडक्या उघडून उघडा काँक्रीट स्लॅब गार करता येतो, फक्त उष्णतेच्या लाटेत रात्रीही गरम राहतात हे धरून चाला. आणि नवं बांधण्याआधी शेजारचं 'ले डॉक' बघा. १९व्या शतकातली ३६५ मीटर लांबीची दगडी गोदामं, आज तिथे ऑफिसं आहेत. तुमच्या प्लॉटवर जुनं काही उभं असेल तर ते पाडण्याचं कारण आधी लिहून काढा.

सर्टिफिकेटबद्दल विचारलंत म्हणून : एचक्यूई (फ्रेंच) किंवा ब्रीअॅम (ब्रिटिश) कोणतंही घ्या, पण आधी फ्रान्सचा नव्या इमारतींसाठीचा आरई२०२० नियम वाचा. त्यात बांधकाम साहित्याचा कार्बनही मोजावा लागतो. मी फसाडवाला, पाया आणि भरावाबद्दल दुसऱ्या कोणाला विचारा. झडपांबद्दल एक राहिलं : हिवाळ्यात पश्चिमेचं ऊन हवंसं वाटतं, म्हणून झडपा पूर्ण सरकणाऱ्याच हव्यात.

थेसिसच्या ज्यूरीत कोणी 'वाऱ्यात टिकणार नाही' म्हणालं, तर त्यांच्यासमोर १:५ प्रमाणातला डिटेल (जोडणीचं बारकाईचं ड्रॉइंग) ठेवा : वर-खाली रूळ, मध्ये लॉक, स्लॅबला बांधलेला ब्रॅकेट आणि वाऱ्याच्या दाबाचा हिशेब. मी त्या बैठकीत स्केच नेलं होतं, हिशेबही नेला होता. तो कोणी उघडून पाहिला नाही.